शिफारशीचा धनी कोण?

23 जानेवारी 2024. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडायला निघाल्या होत्या. गाव गडचिरोली जिल्ह्यात, मिरचीचं शेत वैनगंगेच्या पल्याड चंद्रपूर जिल्ह्यात. नाव नदीत उलटली आणि सहा जणी बुडाल्या. त्याआधी 27 नोव्हेंबर 2022 रोजी बल्लारशाह स्थानकात पादचारी पुलाचा स्लॅब कोसळला होता. गाडी पकडायच्या घाईत असलेले प्रवासी थेट रुळांवर पडले, एक महिला दगावली आणि डझनभर लोक जखमी झाले.

अशा प्रसंगी हळहळ होते, मदत जाहीर होते, चौकशी लागते. चौकशीतून शिफारशी निघतात. त्यानंतरचा प्रवास बातमीत येत नाही, आणि माझ्या मते पुढचा अपघात तिथेच शिजत असतो. या विषयावर दोन माणसांचं आपसात पटत नाही. एक आहेत रेल्वेत रूळ आणि पूल सांभाळण्यात उमर घालवलेले, बल्लारपुरात राहणारे निवृत्त अभियंता. आम्ही सारेच त्यांना काकाजी म्हणतो. दुसऱ्या आहेत गडचिरोलीत मोटार अपघात नुकसानभरपाईचे दावे चालवणाऱ्या वकीलताई. त्यांचं बोलणं जमेल तसं इथे मांडतो. मध्ये मध्ये मी बोललो आहे, तेवढं माझं.

ताई: काकाजी, चौकशीवर माझा राग नाही. चौकशी हवीच. पण अहवालाच्या शेवटच्या दोन पानांचं काय होतं, हे मला आजवर कोणी धड सांगितलं नाही. कारण सापडतं, एखादा कर्मचारी निलंबित होतो, माझ्या अशिलाला पैसे मिळतात. ‘पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं’ हे लिहिलेलं पान मात्र कोणाच्याच टेबलावर नसतं.

काकाजी: नाही जी, टेबलावर असतं. फार टेबलांवर असतं, हीच अडचण आहे. वरून पत्र निघतं, की अमुक ठिकाणी पूल पडला, तुमच्याकडच्या सगळ्या पुलांची तपासणी करून आठवड्यात अहवाल द्या. माणसं तेवढीच, रोजची कामं तेवढीच. मग रजिस्टर भरलं जातं. वर कळवलं जातं, की तपासणी झाली. वरचा साहेब त्याच्या वरच्याला कळवतो. शिफारस पूर्ण!

ताई: आणि पूल?

काकाजी: पूल तसाच. तुम्हाला पादचारी पुलाचं सांगतो. वरून फरशी चांगली दिसते, लोक चालतात. दोष असतो खाली. पावसाचं पाणी सांध्यातून झिरपतं आणि लोखंड गंजतं. गंजलेलं लोखंड फुगतं, मग त्याच्यावरचं काँक्रीट सुटायला लागतं. हे ओळखायला हातोडीने ठोकत जावं लागतं. घट्ट काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्याचा पोकळ, भदभद. पण स्लॅबच्या खालून ठोकायचं, तर खाली रूळ आहेत आणि त्यावर 25,000 व्होल्टची तार आहे. गाड्या थांबवायच्या, तारेतला करंट बंद करायचा, तेव्हा शिडी लागते. बल्लारशाहवरून दिल्ली-चेन्नईची मुख्य लाइन जाते. तिथे असा ब्लॉक मिळवायचा म्हणजे ऑपरेटिंगवाल्यांच्या विनवण्या करायच्या. मला सांगा, ‘पुलांची तपासणी करा’ म्हणणाऱ्या पत्राला जोडून ‘इतक्या तासांचा ब्लॉक मंजूर’ असा दुसरा कागद कधी येतो का?

(काकाजींचा मुद्दा इथेच उभा आहे. शिफारस हुकूम म्हणून खाली येते, पण ती पार पाडायला लागणारा वेळ, पैसा आणि अधिकार तिच्याबरोबर येत नाही. ज्याने कधी सरकारी नोकरीत खालच्या पायरीवर काम केलं आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.)

ताई: मला पटतं. म्हणूनच म्हणते, की रजिस्टर भरणाऱ्याने स्वतःच ‘पूर्ण’ म्हणू नये. रेल्वेत तर बाहेरचा चौकशी अधिकारी आहे ना?

काकाजी: आहे. सीआरएस, रेल्वे सुरक्षा आयुक्त. 1941 मध्ये ही माणसं रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढली. आज त्यांचा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. रेल्वेने रेल्वेचाच न्याय करू नये म्हणून.

ताई: चौकशी बाहेरच्याने केली. मग शिफारस मानायची की नाही, आणि मानली तर अमलात आली की नाही, हे कोण ठरवतं?

काकाजी: रेल्वेच.

ताई: तर मग न्याय अर्धाच बाहेर गेला. बहानगा बाजारचं घ्या. 2 जून 2023, बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. सुमारे तीनशे माणसं गेली. सीआरएसच्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे, की वर्षभर आधी, 16 मे 2022 रोजी, त्याच खडगपूर विभागात बांकडानयाबाज स्थानकावर चुकीच्या वायरिंगमुळे असाच बिघाड झाला होता. तेव्हाच दुरुस्तीची पावलं उचलली असती, तर हा अपघात झाला नसता. यापेक्षा कठोर वाक्य सरकारी अहवालात क्वचितच येत असेल.

काकाजी: ते वाक्य मीही वाचलं. दोन रात्री झोप लागली नाही. सिग्नलवाल्यांचं काम माझं नव्हतं, तरी. पण ताई, त्यातून मला वेगळं दिसलं. बांकडानयाबाजला कोणी मेलं नाही. ज्या घटनेत माणूस मरत नाही तिला आपल्याकडे वजन नसतं. मोठी चौकशी नाही, मंत्री नाही, पेपरात बातमी नाही. तुम्ही शिफारशींच्या मागे लागता, मला वाटतं या वाचलेल्या घटनांच्या मागे लागावं. आमचा ट्रॅकमन किमन रोज रूळ तपासत चालत जातो. रुळाची ढिली चावी त्याला दिसते. त्याने सांगितलेलं कोणी ऐकलं, तर आयोग कशाला लागेल?

ताई: किमनने सांगितलेलं कोणी ऐकत नाही, म्हणूनच आयोग लागतो! आणि आयोगाचंही वेळेवर ऐकत नाहीत. गाड्या रुळांवरून घसरण्याबद्दल कॅगचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये संसदेत आला. त्यांनी चौकशी अहवाल तपासले. 63 टक्के प्रकरणांत अहवाल ठरलेल्या मुदतीत वर गेलाच नाही. 49 टक्के प्रकरणांत वरच्यांनी तो स्वीकारायलाच उशीर केला. अंमलबजावणी तर पुढची गोष्ट.

काकाजी: सगळं काळंच रंगवू नका. फाटकांचं बघा. फेब्रुवारी 2005 मध्ये आपल्या नागपूरजवळ कन्हानला, बिनपहाऱ्याच्या फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर गाडीखाली आला. पन्नासहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा नोकरीत होतो. पुढे 2012 मध्ये अनिल काकोडकरांच्या समितीने 106 शिफारशी केल्या आणि लेव्हल क्रॉसिंग पाच वर्षांत संपवा म्हणून सांगितलं. आणि 31 जानेवारी 2019 रोजी ब्रॉडगेजवरचं शेवटचं बिनपहाऱ्याचं फाटक बंद झालं. कुठे पहारेकरी नेमला, कुठे खालून रस्ता काढला, कुठे फाटकच उठवलं. झालं की नाही?

ताई: का झालं, ते तुम्हीच सांगा.

काकाजी: पैसा आला. 2017 मध्ये राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला, पाच वर्षांत एक लाख कोटी द्यायचं ठरलं. तारीख ठरली. आणि मोजता येणारी वस्तू होती. फाटक एक तर आहे किंवा नाही. त्याला रजिस्टरमध्ये ‘बघितलं’ म्हणून चालत नाही.

ताई: म्हणजे मी म्हणते तेच! तारीख हवी, उत्तर हवं, दिसेल असा पुरावा हवा. तरी कन्हानपासून चौदा वर्षं गेली. आणि काकोडकरांची सगळ्यात मोठी शिफारस कुठे आहे? स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण. गाड्या चालवणाऱ्याने सुरक्षेचे नियमही स्वतःच करू नयेत म्हणून. ते आजही नाही. मोजता येण्याजोगी फाटकं गेली, आणि ज्याने कोणाचा तरी अधिकार कमी होतो ती शिफारस राहिली.

यावर काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना ते मान्य होतं. पण नोकरीतल्या निष्ठेने त्यांना ‘हो’ म्हणू दिलं नाही.

काकाजी: तुमच्या मनात काय आहे? कायदा?

ताई: अमेरिकेत एनटीएसबी नावाचं मंडळ आहे. ते कोणाला शिक्षा करत नाही, त्याला हुकूम काढायचाही अधिकार नाही. फक्त चौकशी आणि शिफारस. पण त्यांनी शिफारस केली, की तिथल्या वाहतूकमंत्र्याला 90 दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. मानतो, अमुक मुदतीत करतो. किंवा मानत नाही, हे कारण. आणि प्रत्येक शिफारशीपुढे मंडळ स्वतः शेरा मारतं. ती उघडी आहे की बंद, उत्तर समाधानकारक आहे की नाही. कोणालाही बघता येतं. बंद करायचा अधिकार ज्याला शिफारस केली त्याच्याकडे नाही, ज्याने केली त्याच्याकडे आहे. ब्रिटनमध्येही रेल्वे अपघातांचा तपास करणारी संस्था वेगळी आणि पाठपुरावा करणारा नियामक वेगळा. शिफारशीचं काय झालं, हे नियामकाने वर्षाच्या आत तपासणाऱ्यांना कळवायचं असतं.

काकाजी: मीही थोडं वाचतो बरं. 1969 मध्ये अमेरिकेत डॅरियनला दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर तुमच्या त्या मंडळाने सांगितलं, ड्रायव्हर चुकला तर गाडी आपोआप थांबेल अशी यंत्रणा बसवा. ती ठरलेल्या मार्गांवर पूर्ण बसली डिसेंबर 2020 मध्ये. पन्नास वर्षं! 90 दिवसांचं उत्तर, उघडी-बंद, सगळं जाहीर असून.

ताई: खरं आहे. पण मधे 2008 मध्ये तिथल्याच चॅट्सवर्थच्या रेल्वे अपघातात 25 माणसं मेली. त्यावेळी कोणाला ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणता आलं नाही. शिफारस उघडी पडलेली होती, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. महिना-सव्वा महिन्यात ती यंत्रणा सक्तीची करणारा कायदा झाला. आपल्याकडे अपघातानंतर आधीचा अहवाल शोधावा लागतो. माहितीच्या अधिकारात अर्ज, मग अपील, मग दुसरं अपील. तोवर लोक विसरतात.

(मी ताईंच्या बाजूचा आहे. लेखी आणि जाहीर उत्तराची सक्ती पुरेशी नाही, हे काकाजी सिद्ध करतात. पण ती नको, असं त्यातून निघत नाही. उत्तर मागायची सोय नसेल तर बाकी सगळं साहेबाच्या मर्जीवर राहतं.)

बोलणं मग नदीकडे वळलं. इथे दोघांचा सूर बदलला, कारण इथे सीआरएस नाही, कॅग नाही, कोष नाही.

ताई: रेल्वेत निदान भांडायला कोणीतरी आहे. विमानाला तपास यंत्रणा आहे, रस्त्याला जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे. नावेला कोण? गणपूरच्या बाया कोणत्या खात्याच्या प्रवासी होत्या? मासे धरायची नाव, ती माणसं न्यायला वापरली. तिकीट नाही, नोंद नाही. अपघात झाल्यावर पोलिसात आकस्मिक मृत्यू.

काकाजी: कायदा नाही का?

ताई: आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. अपघाताची खबर पोलिसात आणि राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. राज्य सरकारने सांगितलं, तर जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून काय उपाय करावेत ते कळवायचं. इंजिन नसलेल्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवायची सोयसुद्धा त्यात आहे. म्हणजे गावातला डोंगाही कायद्याला ठाऊक आहे. आता गावाला कायदा ठाऊक व्हायचा आहे.

काकाजी: आणि चौकशीत काय लिहितील? लाइफ जॅकेट सक्तीचं. नावेत अमक्यापेक्षा जास्त माणसं बसवू नयेत. अंधारात, पुरात नाव चालवू नये. मी आत्ता डोळे मिटून ती शिफारस लिहून देतो. पण ताई, ढिवर समाजातला नावाडी, तो जॅकेट घेईल कुठून? सक्ती केली तर तो नाव लावणार नाही. नाव बंद, तर बायांची मजुरी बंद. मिरचीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. नाहीतर त्या तेलंगणात जातील, लेकरं गावात ठेवून. ज्याच्या अंगावर शिफारस पडते त्याला न विचारता केलेली शिफारस गरिबाला दंड होऊन बसते.

ताई: मग काय करायचं? जाऊ द्यायचं?

काकाजी: जाऊ द्या कोण म्हणतंय? पुलाची मागणी करा. पूल होईस्तोवर जॅकेट ग्रामपंचायतीने घाटावर ठेवावीत, खर्च जिल्ह्याने करावा. हंगामात नाव किती भारावर चालते ते बघायला एक माणूस नेमावा, त्याला मजुरी द्यावी. म्हणजे शिफारशीत करणारा कोण, पैसा कोणाचा आणि कधीपर्यंत, हे तिन्ही लिहिलेलं असावं. नुसतं ‘दक्षता घ्यावी’ असं लिहिणाऱ्याचा कागद मी परत पाठवीन.

ताई: केरळनं काय केलं बघा. 2002 मध्ये कुमारकोमला बोट बुडून 29 माणसं गेली. न्यायमूर्ती नारायण कुरुप यांचा आयोग बसला. 2009 मध्ये थेक्कडीला 45 जण गेले. पुन्हा चौकशी, पुन्हा आयोग. 2023 च्या मे महिन्यात तानूरला 22 जण गेले, त्यात कितीतरी लेकरं. पुन्हा आयोग! शिकलेलं राज्य, पर्यटनाच्या बोटी, नियम सगळे. तीन आयोगांच्या मधल्या वर्षांत आधीचा अहवाल घेऊन दरसाल बोट तपासायला कोण गेलं, हा माझा प्रश्न आहे.

मी विचारलं, रस्त्याचं काय? गडचिरोलीत आता लोहखनिजाचे ट्रक आहेत आणि त्याच रस्त्यांवर सकाळी पोरं पोलीस भरतीसाठी धावत असतात.

ताई: काटली. 7 ऑगस्ट 2025. आरमोरी रस्त्याकडेला सकाळी व्यायाम करणाऱ्या पोरांना ट्रकने उडवलं. चार पोरं गेली, शाळकरी वयाची. मी त्या बातमीनंतर नियम काढून वाचला. ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे 500 मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत पाच अपघातांत माणसं मेली किंवा गंभीर जखमी झाली, नाहीतर एकूण दहा माणसं मेली. केंद्रीय रस्ते मंत्रालयाची ही व्याख्या वर्षानुवर्षं चालत आली आहे. एका सकाळी चार पोरं मेली, तर त्या एका घटनेने तो तुकडा यादीत येत नाही. यादीत नाही म्हणजे दुरुस्तीच्या पैशात नाही.

काकाजी: तुमच्या व्याख्येला मी दुसरं बोट लावतो. पोरांना धावायला मैदान कुठे आहे गावात? अपघाताच्या चौकशीत ‘वेग’, ‘चालकाची डुलकी’ येईल. मैदान येणार नाही. कारण चौकशी करणारा रस्त्याच्या खात्याचा, नाहीतर पोलीस. त्याच्या हातात जे आहे तेवढंच त्याला दिसतं. शिफारस कोणत्या खात्याची, हे चौकशीआधीच ठरलेलं असतं.

हे मला नवीन होतं, आणि फार महत्त्वाचं वाटतं. वाघांच्या बाबतीत हेच झालं आहे. 15 नोव्हेंबर 2018 रोजी चिचपल्लीजवळच्या जंगलात बल्लारशाह-गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. वनखातं वेग कमी करा म्हणतं, रेल्वे वेळापत्रक दाखवते. काकाजींच्या मते वळणावरची झुडपं छाटून ड्रायव्हरला लांबवर दिसू द्यावं आणि रुळांखालच्या मोऱ्या गाळ काढून मोकळ्या ठेवाव्यात. जनावर आपसूक खालून जातं. पण मोरीतला गाळ कोणाचा, हा प्रश्न दोन खात्यांच्या मध्ये पडून राहतो. त्याच विदर्भात पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग 44 खालून प्राण्यांसाठी नऊ वाटा बांधल्या, कारण तिथे रस्ता रुंद होण्याआधीच कोर्टकचेरी आणि वन्यजीव संस्थेची शिफारस दोन्ही झाली. 2019 मध्ये कॅमेऱ्यांत वाघांसह 18 जातींची जनावरं तिथून जाताना दिसली. बांधकामाआधी मानलेली शिफारस नकाशात बसते. नंतर ती मोडतोड ठरते, म्हणून टळते.

ताई: तर काकाजी, आपण दोघांनी मिळून एक अर्ज लिहू. गडचिरोली आणि चंद्रपूर, दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना. गेल्या दहा वर्षांत वाहतुकीच्या अपघातांच्या जेवढ्या चौकश्या झाल्या, रेल्वे, रस्ता, नदी, त्यांतल्या शिफारशींची एक वही ठेवा आणि ती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. शिफारस काय, कोणाला केली, मुदत कोणती, उत्तर काय.

काकाजी: रकाने कमी पडतात. ‘पैसा कुठून’ टाका. आणि ‘जाऊन कोणी पाहिलं’. नुसतं ‘पूर्ण’ लिहिलेलं चालणार नाही. पाहणाऱ्याचं नाव, तारीख.

ताई: पाहणारा त्याच खात्याचा नको.

काकाजी: नकोच. दुसऱ्या विभागाचा अभियंता आणा. निवृत्त माणसं पुष्कळ आहेत, बोलवा, आम्ही फुकट येऊ.

ताई: अभियंता पूल बघेल. नाव कोण बघेल? मी म्हणते, घाटावरच्या शिफारशीपुढे ‘बंद’ लिहायचा अधिकार गणपूरच्या ग्रामसभेला द्या. गडचिरोलीला हे नवं नाही. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने आपल्या जंगलाचा हक्क 2009 मध्ये मिळवला, आपला बांबू स्वतः विकला, पै-पैचा हिशेब ठेवला. ज्यांना जंगलाचा हिशेब ठेवता येतो त्यांना घाटावर जॅकेटं आहेत का, हे मोजता येणार नाही?

काकाजी: मोजता येईल. भार किती पेलतो ते मोजता येणार नाही. तिथे तांत्रिक माणूस लागतोच. लोकांनी ‘ठीक आहे’ म्हटलं आणि नाव उलटली, तर दोष लोकांवर ढकलून खातं मोकळं होईल. हा धोका तुम्ही वकील असून लक्षात घेत नाही.

ताई: घेते. म्हणून दोन सह्या. तुमच्यासारख्याची एक, ग्रामसभेची एक. एक जरी नसली तरी शिफारस उघडी.

काकाजी: आणि दोघांचं पटलं नाही तर?

ताई: तरी उघडीच. भांडण वहीत लिहून ठेवायचं.

काकाजींना हे अजून पुरतं मान्य नाही. प्रत्येक गोष्टीवर दोन सह्या मागितल्या, तर साधी मोरीसुद्धा साफ होणार नाही, असं ते म्हणतात. ताई म्हणतात, मोरी साफ करायला सही लागत नाही, ‘साफ झाली’ म्हणायला लागते. अर्जाचा मसुदा ताईंकडे आहे. ‘पैसा कुठून’ आणि ‘जाऊन कोणी पाहिलं’ हे दोन रकाने काकाजींनी आपल्या अक्षरात त्यात वाढवले आहेत. पहिल्या ओळीत बल्लारशाहचा पूल आहे, दुसऱ्या ओळीत गणपूरचा घाट.